रेटिनॉल लावून तोंड सोललं, आता तरी नीट समजून घेऊ या

अबोली_डोंबिवली

मंडळी, आधी माझं रामायण ऐका, मग प्रश्न विचारते.

भाचीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. माझं वय ४६, दोन्ही गालांवर वांग, डोळ्यांच्या कडेला रेघा. लेकीच्या कपाटात रेटिनॉलची बाटली दिसली, १ टक्का. ती म्हणाली, "आई, आठवड्यातून दोनदाच हं." मी मनात म्हटलं, हातात दिवसच एकवीस, दोनदा लावून काय डोंबल होणार? रोज रात्री ड्रॉपर भरून चोळलं, पार गळ्यापर्यंत. सकाळी नेहमीचं बेसन-लिंबू चालूच. चौथ्या दिवशी नाकाच्या कडा चुरचुरायला लागल्या. मला आनंद झाला, म्हटलं लागू पडतंय! आठव्या दिवशी पार्लरमध्ये वरच्या ओठाला वॅक्स केलं, तर पट्टीबरोबर कातडीचा पापुद्राच निघून आला. लालभडक, ओलसर, बरोब्बर मिशीच्या आकाराचा. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी तोंडावर हात ठेवून हसतेय.

आता बरं आहे. डॉक्टरीणबाईंनी सगळं बंद करून नुसती पेट्रोलियम जेली लावायला सांगितली होती. निघताना म्हणाल्या, "औषध वाईट नाही हो, तुम्ही त्याच्याशी वाईट वागलात." ते डोक्यातून जात नाहीये. हे प्रकरण आहे तरी काय? आलं कुठून? आणि मी पुन्हा त्याच्या वाटेला जावं का?

निंबोणी

अगं बाई! वाचतानाच ओठ झोंबला. मी पण रांगेत आहे, बाटली आणून दोन महिने झाले, उघडायची भीती वाटते. रसायन_काका कुठे आहेत?

रसायन_काका

आलो. पस्तीस वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत, त्यामुळे रसायनापुरते बोलतो. चेहऱ्याचे डॉक्टर मंडळी सांगतील.

अबोलीताई, ही वस्तू तुमच्या ओळखीची आहे. अंगणवाडीत लेकरांना तो पिवळा तेलकट डोस चमच्याने पाजतात ना, त्याच कुळातली. जीवनसत्त्व अ. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख एकक, पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. रातांधळेपणा येऊ नये, डोळे जाऊ नयेत म्हणून. 'रेटिनॉल' हे नावही डोळ्यातल्या रेटिनावरूनच पडले.

शोध लागला तो उंदरांच्या ताटात. १९१३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस उंदरांना वेगवेगळा आहार देऊन पाहत होते. डुकराची चरबी दिलेले उंदीर काही काळ वाढायचे आणि मग वाढ खुंटायची. लोण्यातली चरबी दिली की गडी पुन्हा वाढीला लागायचे. म्हणजे लोण्यात काहीतरी होते जे चरबीत नव्हते. त्याची रचना झुरिकच्या पाउल कारर यांनी १९३१ मध्ये मांडली, १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. १९४७ मध्ये बाझेलला हॉफमन-ला रोशच्या ओटो इस्लर यांनी ते शुद्ध स्वरूपात प्रयोगशाळेत बनवले. तोवर सगळी भिस्त माशांच्या यकृताच्या तेलावर होती.

आता त्वचा. रेटिनॉल जसेच्या तसे तिच्या कामाचे नाही. पेशीत गेल्यावर त्याचे आधी रेटिनाल नावाचे वेगळे द्रव्य होते, मग रेटिनोइक आम्ल. खरे काम या आम्लाचे. प्रत्येक पायरीला माल गळतो, कारखान्यात गळतो तसाच, म्हणून रेटिनॉल हे थेट रेटिनोइक आम्लाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतके ताकदवान धरतात. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ते 'ट्रेटिनॉइन' म्हणजे हेच आम्ल, सगळ्या पायऱ्या ओलांडून आलेले. उलट बाजूला रेटिनाइल पाल्मिटेट, ते रेटिनॉलच्याही एक पायरी मागे. त्यामुळे बाटलीवरचा टक्का वाचताना तो नक्की कोणाचा ते आधी बघा. पाल्मिटेटचा १ टक्का आणि ट्रेटिनॉइनचा १ टक्का म्हणजे लवंगी फटाका आणि सुतळी बाँब.

आम्ल पेशीच्या केंद्रकात जाऊन तिथल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि कोणती जनुके चालू राहतील, कोणती बंद, हे बदलते. हे रिसेप्टर १९८७ मध्ये स्ट्रासबुर्गच्या पिअर शाँबाँ आणि कॅलिफोर्नियाच्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटांना एकाच सुमारास, स्वतंत्रपणे सापडले. म्हणजे चेहऱ्यावर औषध लावायला सुरुवात होऊन कित्येक वर्षे उलटल्यावर ते का चालते हे कळले!

म्हणूनच उतावीळपणा इथे चालत नाही. लिंबू वरचा थर पोळवते, त्याचा 'परिणाम' लगेच दिसतो. याचा निरोप पेशीच्या आत जातो. नवी पेशी तळातून वर यायलाच जवळपास महिना लागतो.

निंबोणी

काका, म्हणजे ते स्क्रबसारखं मेलेली कातडी काढत नाही? मग सोलवटतं कशाने?

रसायन_काका

खालून नवीन पेशी लवकर तयार होऊन वर ढकलल्या जातात, वरच्यांची घट्ट वीण सैल पडते, म्हणून पापुद्रे. घासून काढणे वेगळे. आणि 'कातडी पातळ होते' ही अर्धवट ऐकीव गोष्ट आहे. अगदी वरचा मृत थर आटोपशीर होतो, त्याखालचा जिवंत थर उलट जाड होतो.

डेलावेअरकाठची

काकांनी 'चेहऱ्यावर लावायला सुरुवात होऊन' असं म्हटलं, ती सुरुवात मी राहते त्या शहरातली आहे, म्हणून लिहिते. फारशी प्रसन्न गोष्ट नाही.

फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागात होम्सबर्ग नावाचा जुना तुरुंग आहे, आता बंद. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन तिथे १९५१ मध्ये कैद्यांच्या पायाच्या बुरशीवर सल्ला द्यायला म्हणून गेले आणि १९७४ पर्यंत तिथे माणसांवर प्रयोग चालू राहिले. आत पाऊल टाकल्यावर आपल्याला समोर एकरच्या एकर कातडी दिसली, शेतकऱ्याने पहिल्यांदाच सुपीक जमीन बघावी तसं वाटलं, असं त्यांनी स्वतः १९६६ साली एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय, बरेचसे जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत अडकलेले. थोडक्या डॉलरांसाठी पाठीवर चौकोन आखून घ्यायचे, त्यात क्रीमं, साबण, औषधं. डाऊ केमिकल कंपनीसाठी डायॉक्सिन हे विषारी रसायनसुद्धा लावलं गेलं. काय लावतायत ते त्यांना धड सांगितलंही जात नव्हतं.

मुरुमांवर ट्रेटिनॉइन वापरायची वाट क्लिगमन यांनीच रुळवली. जर्मनीत ग्युंटर श्ट्युटगेन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगवेगळ्या त्वचारोगांवर लावून बघितलं होतं, पण आग फार व्हायची. क्लिगमन, फुल्टन आणि प्लेविग यांचा मुरुमांवरचा शोधनिबंध आला १९६९ मध्ये, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 'रेटिन-ए' नावाच्या ट्रेटिनॉइनच्या औषधाला मान्यता दिली. पुढे मुरुमांसाठी लावणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका सांगायला लागल्या की चेहरा नितळ झालाय, रेघा कमी झाल्यात. त्यावर १९८६ मध्ये निबंध, १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाची नीट तुलना करून केलेली चाचणी, आणि १९९५ च्या अखेरीस उन्हाने थकलेल्या त्वचेसाठी वेगळ्या क्रीमला परवानगी. आज दुकानात दिसणाऱ्या रेटिनॉलच्या बाटल्या या सगळ्याच्या मागून आल्या.

क्लिगमन २०१० मध्ये गेले, आपलं काही चुकलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०२१ मध्ये आणि शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. त्या पाठींवरचे चौकोनी चट्टे मात्र काही जणांच्या अंगावर तसेच राहिले.

पायवाट

हे माहीतच नव्हतं. मग तुम्ही स्वतः वापरता का?

डेलावेअरकाठची

वापरते. आठवड्यातून तीन रात्री. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही आणि तो घातल्याचा आवही आणत नाही.

सातपुडा_ओपीडी

धागा चांगला चाललाय. मी त्वचारोगतज्ज्ञ, खानदेशात प्रॅक्टिस. क्लिगमन यांची आणखी एक देणगी माझ्या ओपीडीत रोज येते, ती आधी सांगतो, कारण अबोलीताईंनी वांगाचा उल्लेख केलाय.

१९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी डागांसाठी तीन औषधांचं मिश्रण मांडलं: रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. कल्पना चांगली होती. ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचं आणि थांबायचं. आपल्याकडे त्याच धर्तीच्या ट्यूब मेडिकलच्या काउंटरवर 'गोरं होण्याची क्रीम' म्हणून गेल्या. शेजारणीने दिली, भावजयीने दिली, आणि बाई तीन-तीन वर्षं लावतेय. सुरुवातीचे पंधरा दिवस चेहरा खरंच उजळतो. मग गाल लाल, बारीक रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसतात, हनुवटीवर लव येते. क्रीम बंद केली की आग आग, म्हणून पुन्हा लावतात. २०१८ मध्ये स्टेरॉइडच्या अशा क्रीमा चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घेतल्या, तरी चिठ्ठी कोण विचारतो? तेव्हा ट्यूबवर 'ट्रेटिनॉइन' वाचून 'हे रेटिनॉलच की' म्हणू नका. पुढे मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असं स्टेरॉइडचं नाव लिहिलेलं असेल तर ते प्रकरण निराळं.

आता ताईंच्या 'चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय' बद्दल. नव्वद टक्के पेशंट हेच म्हणतात (आकडा माझ्या त्राग्याचा आहे, मोजलेला नाही). मिशिगनच्याच लोकांनी १९९५ मध्ये ट्रेटिनॉइनच्या दोन ताकदी ४८ आठवडे लावून बघितल्या, ०.०२५ आणि ०.१ टक्का. सुधारणा जवळपास सारखीच. आग मात्र चौपट ताकदीच्या क्रीमने बरीच जास्त. म्हणजे ताईंनी सोसलं ते फुकटच.

आणि उपयोग होतो का, तर होतो, हळू होतो. २००७ ची एक चाचणी मला आवडते. सरासरी वय ८७ असलेल्या आजी-आजोबांच्या एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन आणि दुसऱ्यावर नुसतं लोशन, आठवड्यातून तीनदापर्यंत, २४ आठवडे. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या स्पष्ट कमी झाल्या. सत्त्याऐंशीव्या वर्षी! पण आठवडे चोवीस. ताईंचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. अशा वेळी काही म्हणजे काही नवीन सुरू करू नये.

पुन्हा सुरू करायचं असेल तर असं करा. ०.१ ते ०.३ टक्क्यांची साधी ट्यूब घ्या. रात्री चेहरा साध्या फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या कातडीतून ते जास्त आत जातं आणि झोंबतं. वाटाण्याएवढं बोटावर घ्यायचं. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके, मग पसरायचं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांच्या कडा, पापण्या इथे आधीच थोडी जेली लावून ठेवा, औषध वाहत जाऊन तिथेच साचतं. वरून मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर खाली एक थर, मध्ये रेटिनॉल, वर एक थर, सँडविचसारखं. महिनाभर आठवड्यातून दोनच रात्री. झेपलं तर तीन, मग एकाआड एक. थोडा कोरडेपणा, बारीक पापुद्रे हे पहिल्या काही आठवड्यांत होतं. मुरुमंही आधी थोडी वर येतात. पण लाल होऊन सूज, खाज, पाणी सुटणं म्हणजे थांबा.

रेटिनॉलच्या रात्री दुसरं आम्ल नको, लिंबू तर कधीच नको. वॅक्स, ब्लीच, फेशियल यांच्या आधी किमान आठवडाभर बंद ठेवा. ताईंची मिशी त्यामुळेच.

सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, दोन बोटं भरून. खिडकीपाशी बसून काम करत असाल तरीही. वांग असणाऱ्यांनी रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्यावं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं. सनस्क्रीन लावणार नसाल तर रेटिनॉलचे पैसे वाचवा.

एक गोष्ट ठणकावून: दिवस गेलेत, किंवा राहावेत म्हणून प्रयत्न चालू आहेत, तर यातलं काहीही लावायचं नाही. मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगं होतात हे पक्कं ठाऊक आहे. क्रीममधून अंगात जातं फार थोडं, पण सुरकुत्यांसाठी तेवढाही धोका कशाला पत्करायचा?

पायवाट

डॉक्टर, वाटाणा म्हणजे कोणता? पुरंदरचा टपोरा मटार की कटवाला सुका वाटाणा? गंभीरपणे विचारतेय.

सातपुडा_ओपीडी

सुका. भिजवण्यापूर्वीचा.

करवीरकर

आम्ही या इंग्रजी भानगडीत नको म्हणून आयुर्वेदिक मार्गाने गेलो आणि जास्त भाजलो, ते लिहितो. कुठेतरी वाचलं की बावचीत 'नैसर्गिक रेटिनॉल' आहे. बायकोने दुकानातून बावचीचं तेल आणलं, दोघांनी रात्री लावलं, सकाळी तसंच पुसून रंकाळ्यावर फिरायला. दुसऱ्या दिवशी माझ्या कपाळावर नि तिच्या गालावर फोड. पुढे दोन महिने काळे डाग. नैसर्गिक म्हणे!

रसायन_काका

करवीरकर, इथे दोन गोष्टींची गल्लत झाली. बावचीच्या बियांत सोरालेन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडले की भाजते. कोडावर बावची वापरतात ती याच गुणासाठी, ऊन आणि सोरालेन मिळून रंग परत आणायला. तुम्ही अजाणता तो उपचार स्वतःच्या धडधाकट कपाळावर केलात.

क्रीममध्ये येते ते बाकुचिओल, बियांतून वेगळे काढून सोरालेनपासून शुद्ध केलेले. आणि ही गोष्ट आपल्या घरची आहे बरे का! ते पहिल्यांदा वेगळे केले पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. मेहता, नायक आणि सुखदेव यांचा निबंध १९६६ चा. संस्कृत 'बाकुची'वरूनच नाव ठेवले. पाषाण रस्त्यावरून जाताना कोणाला वाटेल का, की परदेशी बाटल्यांवर मिरवणारे नाव इथले आहे?

रचनेने त्याचे रेटिनॉलशी काही नाते नाही, त्वचेत परिणाम मात्र काहीसे तसे दिसतात. ४४ जणांवर १२ आठवड्यांची एक तुलना आहे, दोन्ही ०.५ टक्के, बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हींकडे सारखेच कमी झाले, पापुद्रे आणि झोंबणे रेटिनॉलकडे जास्त. पण ४४ म्हणजे लग्नाची एक बस. रेटिनॉलच्या कुळामागे पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

म्युनिकचा_मध्या

इथली खबर. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम केला: चेहऱ्याच्या क्रीममध्ये रेटिनॉल जास्तीत जास्त ०.३ टक्के, अंगाच्या लोशनमध्ये ०.०५. नव्या मालाला १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू, दुकानातल्या जुन्या मालाला १ मे २०२७ पर्यंत मुदत. कारण चेहरा सोलवटतो हे नाही. आहारातून, गोळ्यांतून आणि क्रीममधून मिळून जीवनसत्त्व अ एकूण जास्त होऊ नये, हे आहे. अबोलीताईंच्या लेकीची १ टक्क्याची बाटली इथे आता नव्याने बाजारात आणता येणार नाही.

रसायन_काका

योग्य माहिती. साठवणीचेही सांगून ठेवतो. रेटिनॉलला हवा आणि उजेड दोन्हींचे वैर. पारदर्शक काचेच्या ड्रॉपर बाटलीत घेऊ नका, ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा आत न जाणारा पंप बघा. फिकट पिवळे असलेले द्रव्य तपकिरी झाले की गेले समजा. बाथरूमच्या खिडकीत ठेवू नका. लेकीची बाटली कसली होती, अबोलीताई?

अबोली_डोंबिवली

काचेची, पारदर्शक. खिडकीत. 🙈

अबोली_डोंबिवली

धागा वर काढतेय, अडीच महिने झाले. ०.२ टक्क्याची ट्यूब आणली. मंगळवार आणि शुक्रवार रात्री, सुका वाटाणा, सँडविच. स्वयंपाकघरातून एक खरा वाटाणा आणून ट्यूबच्या डबीत ठेवलाय, मापाला. बेसन-लिंबू बंद, त्यावरून सासूबाई रुसल्यात. रेघा आहेत तिथेच आहेत, पण कपाळावर हात फिरवला की खरखर लागत नाही. वांग किंचित फिकट, की मला भास होतोय? तो सनस्क्रीनचाही प्रताप असू शकेल म्हणा.

नवीन अडचण अशी की ट्यूब अर्धी झालीये, इतकी माझ्याने संपणं शक्यच नाही. काल रात्री उलगडा झाला. नवरा टाचांच्या भेगांना लावतोय, महिनाभर. म्हणे, "छान क्रीम आहे, कुठून आणलीस?"

निंबोणी

आणि टाचा कशा आहेत?

अबोली_डोंबिवली

माझ्या गालापेक्षा बऱ्या.